शेजारची बाटली

ब्रिस्बेनच्या त्या नवउद्योगांच्या उबवणी केंद्रात औषधं शोधणाऱ्या सहा चिमुकल्या कंपन्या होत्या आणि पेशी वाढवायची खोली एकच. कुणाचं पोषकद्रव संपलं की शेजारची उघडी बाटली घ्यायची, झाकणावर आपलं नाव खरडायचं. विरजण मागून आणावं इतकं साधं. नियमात बसत नव्हतं, पण नियम काढणारा तिथे कंजूष ठरायचा.

त्यांतल्या एका कंपनीची संशोधक लिओनी वाढवायची त्या पेशी लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या एका दुर्मिळ गाठीच्या. वाढायला महाआळशी. दोन वर्षांपूर्वी त्या अचानक भराभर वाढू लागल्या, तेव्हा तिचा हात बसला म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पण यश कुणाला नको असतं? तिचं औषध त्या पेशींना पटापट मारत होतं आणि सोमवारी पहिल्या रुग्णाला, सात वर्षांच्या मालियाला, ते टोचायचं होतं.

कागदपत्रांत एकच दाखला कमी होता, पेशींच्या ओळखीचा. तो शुक्रवारी सकाळी आला. पेशी शेजारच्या कंपनीतली ड्रॅगाना वाढवायची त्या होत्या, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या. कुठल्याशा बाटलीतून एखादा थेंब आला होता आणि त्याने आळशी पेशींना गिळून टाकलं होतं. पेशींची बशी हातात घ्यायचीही लिओनीला भीती वाटली. दोन वर्षं ती भलत्यालाच भरवत आली होती.

केंद्राचा व्यवस्थापक नेव्हिल याने दार लावून घेतलं. खाली चहाबरोबर लॅमिंग्टन केक मांडलेत, पैसे गुंतवणारे पाहुणे आलेत, हे त्याने दोनदा सांगितलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, लिओनीबाई. सोमवार होऊ दे, मग सावकाश पुन्हा तपास. औषध विषारी तर नाही ना?”

“त्या गाठीवर ते चालतं हे कुणीच पाहिलेलं नाही, नेव्हिल. मीसुद्धा नाही.”

तिला स्वतःची शिसारी आली. तिने रुग्णालयाला कळवलं, मग मालियाच्या वडिलांना, म्हणजे फेतूला, स्वतः फोन लावला. सोमवारचं इंजेक्शन रद्द झालंय, चूक आमची आहे, हे न अडखळता सांगितलं.

फोनमध्ये मागे मालिया कुणाशी तरी हसत होती.

“पण तुमच्याच चाचणीच्या अटीप्रमाणे तिचं जुनं औषध आम्ही तीन आठवड्यांपूर्वी बंद केलं,” फेतू म्हणाला. “तेवढ्या दिवसांत गाठ वाढलीय. मग आता तिला काय देऊ, लिओनी?”