विनाशिकेवरची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, सध्या मी आयर्लंडमधल्या ॲथलोन गावात राहते. पण मला घडवले होते समुद्रासाठी.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने एकाच आराखड्यावरून कितीतरी विनाशिका बांधल्या. त्यांतल्या एकीवर मला टांगले. मी इतकी लखलखत असे की पाहुणे अधिकारी माझ्यात तोंड पाहून टोपी सारखी करत. मला घासणारा खलाशी ईव्ह तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहाऱ्याची पाळी बदलताना तो मला वाजवी आणि त्याचा मित्र मार्सेल डोळे चोळत, कुरकुरत वर येई.

नौका म्हातारी झाली. तिच्यावरचे सामान उतरवले आणि आमच्याच नौदलाने नेमबाजीच्या सरावात तिला बुडवले. मी ईव्हच्या वाट्याला आले. पुढे तो आयरिश बायकोबरोबर इथे आला. बायको वारली. आम्ही दोघेच उरलो.

शेजारी नागपूरची क्षितिजा राहायला आली. ती इथल्या टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर. ईव्हला नीट दिसेनासे झाले होते, म्हणून दर रविवारी ती त्याला फ्रान्समधल्या मार्सेलला फोन लावून देई. या मार्चमध्ये फोन मार्सेलच्या मुलीने उचलला. मार्सेल वारला, असे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. क्षितिजाने नुसते ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

"उचलत नाही का?" ईव्हने विचारले.

फोनजवळ कान लावून बसलेली क्षितिजाची मुलगी तन्वी हळूच म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम."

"बिझी असतील," क्षितिजा ईव्हला म्हणाली. "पुढच्या रविवारी लावू."

पुढचे तीन रविवार तिने हेच सांगितले. मग ईव्हला पक्षाघाताचा झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा त्याचे इंग्रजी पार पुसले गेले होते. क्षितिजा मला पिशवीत घालून इस्पितळात घेऊन गेली. आवाज नको म्हणून तिने माझ्या लोलकाला फडके बांधले होते.

ईव्हने माझ्यावर कोरलेली अक्षरे बोटांनी चाचपली आणि फ्रेंचमध्ये विचारले, "मार्सेल माझ्यावर रागावलाय का?"

"पाणी हवंय?" क्षितिजा म्हणाली.

त्याने पुन्हा तेच विचारले. तिने पेला त्याच्या ओठांना लावला. तो पाणी प्यायला. तिथे त्याची भाषा कळणारी मी एकटीच होते.

दोन दिवसांनी ईव्ह गेला.

मित्रांनो, मला कोणी घासले नाही तरी चालेल. पण तुमच्या शेजारी कोणी म्हातारे माणूस उत्तराची वाट पाहत असेल, तर खरे काय ते त्याला सांगून टाका. तुमचे बोलणे त्याला कळते आहे, तोवरच सांगा.