तणमोराचा पूर्ण संच

नागपूरच्या एका साप्ताहिकात कोकिळाने चार ओळी लिहिल्या होत्या: बीबी गावच्या कुरणात यंदा तणमोर हा दुर्मीळ पक्षी उतरला आहे, नर रोज सकाळी गवतावर उड्या घेतो. पुढच्याच अंकात पक्षिमंडळाच्या कुणा सभासदाचं उत्तर आलं. बाईंनी गवतात शिरलेला घरचा कोंबडा पाहिला असावा.

तिचे सासरे महादेवराव ते वाचून भडकले. कुरण त्यांचं, सून त्यांची, आणि सून बी.एस्सी. झालेली. त्यांनी मंडळाचे चिटणीस हिंमतराव यांना भाद्रपदात घरी बोलावलं. कोकिळालाही तेच हवं होतं. त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, मान्य करावं आणि जावं. पाखरं आपल्या जागी राहतील.

हिंमतराव दुर्बीण आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. सकाळी तिघं बांधावर उभे राहिले. थोड्या वेळाने गवतातून नर उसळला. काळं अंग, पांढरे खांदे, कानामागून वळलेली लांब पिसं. तो माणसाच्या डोक्याइतका वर गेला, पंख फडफडवत बेडकासारखा ओरडला आणि उठला तिथेच परत पडला. पुन्हा उठला.

हिंमतरावांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "बाई, माफी मागतो. तो कोंबडा मीच लिहिला होता."

"मंग आता जेवणाले कोंबडाच कापतो तुमच्यासाठी," महादेवराव म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

"आता नमुना घ्यायला हवा," हिंमतराव म्हणाले. "नुसतं पाहिलं असं सांगून भागत नाही. कातडं पेटीत असलं की कुणी शंका काढत नाही."

"मारू नका," कोकिळा घाईने म्हणाली. "त्या बोरीच्या पलीकडे मादी अंड्यांवर बसली आहे."

एवढं सांगितल्यावर विषय संपेल अशी तिची खात्री होती. उबवणाऱ्या पाखराला कोण हात लावील?

"किती अंडी?" हिंमतरावांनी विचारलं.

"तीन."

"नर, मादी आणि अंडी. एकाच जागेचा पूर्ण संच!" त्यांचा आवाज हळू झाला. "अहो बाई, हा आपल्या प्रांतात कुणाकडेच नाही."

दुपारी महादेवरावांनी वाहेदला बोलावलं. तो तितर-लावे धरून बाजारात विकायचा. "बंदूक नको मालक," वाहेद म्हणाला. "छऱ्यानं पाखरू खराब होते. आपले घोड्याच्या केसांचे फासे हायेत ना."

जेवताना कोकिळा सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, हे थांबवा."

"पाव्हणा घरी आला, सूनबाई. त्याले नाही म्हनू? दोन पाखरांसाठी काऊन जीव टाकून राह्यली? पेपरात तुयंच नाव येईन."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती एकटीच कुरणात गेली. मादी अंड्यांवरून उठून लांब गेली तर निदान ती तरी वाचेल. बोरीला वळसा घालून ती पुढे झाली आणि जोराने टाळ्या वाजवल्या. मादी उठली, पण उडाली नाही. मान जमिनीला लावून ती गवतातून पलीकडे धावत सुटली. पलीकडे वाहेदने संध्याकाळीच फाशांची ओळ लावून ठेवली होती.

पंखांची झटापट ऐकू आली. वाहेद गवतातून उभा राहिला.

"वा बाई! मी सांगनारच होतो, कोनी तरी तिकून हाकलून द्या म्हनून. हे पाखरू पह्यले उडत नाही, पळते. तुमाले बरं ठाऊक!"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता.

नराचं काम सोपं होतं. तो जिथून उठतो तिथेच उतरतो, हे वाहेदने आदल्या संध्याकाळीच पाहून घेतलं होतं. ऊन पडता पडता तोही अडकला.

अंगणात हिंमतरावांनी मादीला स्वतः संपवलं आणि अंडी हातात घेतली. एक उजेडासमोर धरलं. "पिल्लू बरंच वाढलंय. टरफलाला मोठं भोक पाडून तुकड्यातुकड्यांनी काढावं लागेल. बाई, नर तुम्ही घ्या. कॉलेजात बेडूक फाडलेत ना? पंखांखाली बोटं, छातीवर दोन्ही अंगठे. श्वास घेता येऊ नये इतकंच दाबायचं. झटका नको, पिसं मोडतात."

वाहेदने पाखरू तिच्यासमोर धरलं. फाशात धडपडून त्याचा पाय मोडला होता. नुसत्या कातडीवर लोंबत होता. सोडलं तर धावता येणार नाही, उडी घेता येणार नाही, आणि पहिल्या कोल्ह्याला सापडेल. तिने ते हातात घेतलं.

अंगठ्यांखाली हृदय इतकं भरभर चाललं होतं की ठोके वेगळे करता येत नव्हते. तिने दाबलं. चोच उघडली. डोळ्यावर पातळ पडदा आला, गेला, पुन्हा आला.

"पाहा, पाहा, हात कसा हलत नाही आमच्या सूनबाईचा!" महादेवराव बाजेवरून म्हणाले.

हिंमतराव अंड्यात बारीक आकडी फिरवत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं,

"झालं का?"

"नाही," कोकिळा म्हणाली. "अजून नाही."