राहणारी माणसं : दोन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कर्ज अधिकाऱ्याने अर्ज परत केला. अर्ज शाळेची बस चालवणाऱ्या बाईंचा होता. अकरा वर्षं भाड्याने राहिलेलं दोन खोल्यांचं घर त्यांना विकत घ्यायचं होतं. घरमालक गुरांचे निवृत्त डॉक्टर. शुक्रवारी पाचपर्यंत मंजुरी आली नाही तर घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

कर्ज बँकेचं आणि हमी सरकारची, खेड्यात घर घेणाऱ्यांसाठी. आधी काही भरायचं नव्हतं. अट एकच: घरात राहणाऱ्या सगळ्यांची कमाई मिळून ठरलेल्या आकड्याच्या आत हवी.

‘राहणारी माणसं’ या रकान्यात बाईंनी ‘दोन’ लिहिलं होतं.

“दुसरं कोण, मावशी?” अधिकाऱ्याने विचारलं. तो त्यांच्या मुलाच्याच वयाचा.

“मुलगा. बंदरावर क्रेन चालवतो.”

“मग इथे कुठे राहतो?”

“त्याची खोली आहे ना.”

“खोली राहते हो. माणूस राहतो का, ते विचारतोय.”

मुलगा शेवटचा आला त्याला दोन वर्षं चार महिने झाले होते. बाईंनी तसं सांगितलं. त्याची कमाई धरली तर अर्ज बाद होत होता. अधिकाऱ्याने एक छापील कागद काढून दिला. त्यावर होतं: ‘मी या घरात राहत नाही आणि पुढेही राहण्याचा विचार नाही.’ खाली मुलाची सही हवी होती.

बुधवारी दुपारी, दोन फेऱ्यांच्या मध्ये, उभ्या बसमधून बाईंनी फोन लावला. चौथ्या वेळी उचलला गेला.

“काय गं आई, तब्येत ठीक ना?”

त्यांनी कागद वाचून दाखवला.

“हे कोणी लिहिलंय?”

“छापीलच आहे.”

“आत्ता राहत नाही, एवढं लिहितो. पुढचं नाही लिहिणार. यायचं आहे माझ्या डोक्यात. आधी विचारायचंस तरी.”

“फोन उचलला असतास तर विचारलं असतं. कधी येणार आहेस?”

“बघू.”

“तुझ्या ‘बघू’ला सरकार हमी देत नाही रे बाबा.”

त्या हसल्या. पलीकडून हसू आलं नाही. मुकादम बोलावतोय, असं सांगून त्याने फोन ठेवला. बोलणं सहा मिनिटं चाललं. त्या वर्षातलं ते सर्वांत लांब बोलणं होतं.

गुरुवारी मुलाचा नकार ऐकून अधिकाऱ्याने वाट काढली.

“त्याची सही राहू दे. अर्जदार म्हणून तुम्हीच लिहून द्या, दोन साक्षीदार घ्या; उद्या पाचच्या आत आणलंत की मंजुरी लगेच देतो. एवढंच लिहा: मुलगा इथे राहत नाही, आणि येणार नाही.”

“येणार नाही, हे मी लिहू?”

“तुमच्याशिवाय कोण लिहिणार, मावशी?”

त्याच संध्याकाळी बसचा मेकॅनिक साक्षीदार झाला. “आणा इकडे,” तो म्हणाला. “मी तर माझ्याच घरात राहत नाही, असं बायको रोज सांगते. या विषयातला जाणकार आहे मी.” दुसरी सही शाळेच्या मुख्याध्यापिकांनी केली.

घरी बाईंनी मुलाच्या खोलीचं दार उघडलं. आतली गादी झटकली, खिडकी पुसली. कपाटात एक शर्ट होता, तो आता त्याला झाला नसता. बाहेर येऊन त्यांनी एका माणसाचा स्वयंपाक केला. मुलाला परत फोन केला, तो लागला नाही.

शुक्रवारी दुपारची फेरी साडेचारला संपली. शेवटचं मूल उतरल्यावर बाईंनी बस कर्ज कार्यालयासमोर उभी केली. पाच वाजायला तेरा मिनिटं होती. अधिकारी एकदा दारापर्यंत येऊन बाहेर बघून गेला. बाई चालकाच्या जागेवरच बसून होत्या. कागद स्टिअरिंगवर पसरलेला होता. दोन्ही साक्षीदारांच्या सह्या झाल्या होत्या, अर्जदाराची जागा कोरी होती.

पाच वाजायला चार मिनिटं असतानाही बस तिथेच होती.