दूर्वांचं पाणी

त्या वर्षांत दुबईतल्या मराठी घरांत गणपतीच्या दूर्वा मुंबईहून विमानानं यायच्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, निम्म्या पिवळ्या पडलेल्या. कुमुद रेगेच्या दूर्वा मात्र त्याच पहाटे काढलेल्या असत. गणपतीच्या आदल्या दिवशी मिर्दिफपासून डिस्कव्हरी गार्डन्सपर्यंत चाळीसेक घरांपुढे तिची पांढरी पिकअप थांबायची. बाल्कनीतून एखादं पोर आत ओरडायचं, "ममा, दूर्वा आंटी इज हियर."

कुमुदचा धंदा बागांचा. लायसन्सवर तिचं एकटीचं नाव. मालकीण ती, ड्रायव्हर ती, कात्री चालवणारीही तीच. खणायचं असलं की रोजावर दोन माणसं घ्यायची. खारट वाळूवर गोड माती पसरायची, पाण्याचे पाइप फिरवायचे, लॉन अंथरायची आणि ऑक्टोबर लागला की पेटुनियाची रोपं लावायची. नवरा गेल्यावर छायाताई सबनीसांच्या मिर्दिफच्या व्हिलात तिनं पहिली बाग केली. मग छायाताईंनीच चार ठिकाणी तिचं नाव सांगितलं.

दूर्वांचं म्हणाल तर त्यात जादू काहीच नव्हती. सगळ्या दुबईत लॉन म्हणून जे गवत अंथरतात, त्यातलं पुष्कळसं दूर्वाच असतं. दर आठवड्याला ते कापतात, म्हणून कुणाला ओळखू येत नाही. कुमुदनं एका इंग्रज कुटुंबाच्या व्हिलामागे, भिंतीकडेची एक पट्टी न कापता वाढू दिली होती. त्यांना त्याची गंमत वाटायची. दूर्वा ती कुणाला विकत नसे. पण दूर्वा द्यायला दारात गेलं की कोणी ना कोणी म्हणायचं, "कुमुदताई, आमची बोगनवेल बघता का जरा?" तिच्या निम्म्या बागा अशाच आल्या होत्या.

मग दोन हजार आठची ती मंदी आली. माणसं आज दिसली ती उद्या नव्हती. एकोणीस बागांमधून कुमुदकडे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चार उरल्या. ते इंग्रज कुटुंबही किल्ली तिच्या हातात ठेवून गेलं आणि मे महिन्यात त्या व्हिलाचं पाणी तोडलं. जुलैत भिंतीकडेची पट्टी तांबूस झाली. ऑगस्टच्या तेवीस तारखेला गणपती होते.

शेजारच्या रस्त्यावरच्या झाडांना टँकरनं पाणी घालणारा लियाकत तिच्या ओळखीचा. पुढची बांधकामं बंद पडल्यानं त्याच्या टँकरमध्ये पाणी उरायचं. "बहनजी, डाल दूँ?" असं त्यानंच विचारलं. आणि पाइप सोडण्याआधी, माणूस सरळ म्हणून, सांगितलंही, "पीने का नहीं है ये. गटर का है, साफ किया हुआ. घास को चलेगा, बंदे को नहीं."

"घास ही है, लियाकतभाई," कुमुद म्हणाली.

आठ दिवसांत पट्टी हिरवीगार झाली. कुमुदनं त्या दूर्वा तीन पाण्यांतून धुतल्या, चौथ्यात हळद घातली आणि चाळीस घरी नेऊन दिल्या. देवाच्या डोक्यावर तर ठेवायच्या आहेत, कोण खाणार आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या वर्षी तिच्या दूर्वांचं सगळीकडे जरा जास्तच कौतुक झालं.

छायाताईंकडचे दीड दिवसाचे गणपती गेल्यावर कुमुद तिथली लॉन कापायला गेली, तेव्हा छायाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांचा, शैलेंद्रकाकांचा, उन्हानं रोज घोळणा फुटत होता, नाकातून रक्त यायचं. "दूर्वांचा रस दिला काल, तर जरा थांबल्यासारखं वाटलं," छायाताई म्हणाल्या. "रोज मूठभर आणून देशील का गं? तुझ्यासारख्या ताज्या कुठे मिळणार?"

कुमुदच्या हातात कात्री होती. तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर छायाताई फार तर रागावल्या असत्या. पण चारातली एक बाग त्यांची होती, आणि चाळीस घरांना फोन जायला एक दुपार पुरली असती. ती म्हणाली, "आणते की."

आणि तिनं आणल्या. एक दिवस नव्हे, आठ दिवस, रोज सकाळी, मूठभर. दर वेळी आदल्या दिवसापेक्षा जास्त पाण्यांतून धुतलेल्या. स्मिता त्या तिच्या हातून घ्यायची आणि वाटायची. स्मिता ही छायाताईंकडे राहून स्वयंपाक करणारी कणकवलीकडची मुलगी. तिशीची, हसरी, मोदकाच्या कळ्या अशा काढायची की बघत राहावं.

नवव्या दिवशी काकांना ताप भरला, पोट बिघडलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कुमुद थर्मास घेऊन गेली, तेव्हा डॉक्टर छायाताईंना विचारत होते, बाहेरचं पाणी, कच्चं काही खाल्लं का? घरात स्वयंपाक कोण करतं?

शेवटच्या प्रश्नावर छायाताईंनी मान वळवून स्मिताकडे पाहिलं. स्मितानं आपले दोन्ही हात ओढणीखाली घेतले. कुमुद थर्मासचं झाकण फिरवत राहिली. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

काका तीन आठवड्यांत बरे होऊन घरी आले. स्मिताचा व्हिसा त्याच्या आधीच रद्द झाला. खर्च कमी करायचे ते दिवस होते, त्यामुळे कुणी फार विचारलंही नाही. तिला विमानतळावर सोडायला गाडी नव्हती, म्हणून कुमुदनंच सोडलं, आपल्या पिकअपमधून. स्मिता पायाशी बॅग आणि कुंपण कापायची मोठी कात्री घेऊन बसली होती. सगळ्या वाटेत एकदाच बोलली.

"काकू, मी दर रविवारी नखं कापते हो."

"हो गं," कुमुद म्हणाली.

त्यानंतर कुमुदनं दूर्वा बंद केल्या. पट्टी जळली, असं सगळ्यांना सांगितलं. हळूहळू दिवस पालटले, बागा पुन्हा आल्या, सिलिकॉन ओएसिसच्या एका इमारतीतलं गच्चीचं मोठं कामही मिळालं. पण कुठल्याही बागेत पाइप सोडला की ती पहिल्यांदा ओंजळीत पाणी धरून नाकाशी नेई. गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार काटेकोर आहे.

सात वर्षं अशी गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं लायसन्स पुढे न वाढवता पुण्याला बहिणीकडे परतायचं ठरवलं. शैलेंद्रकाका तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले होते आणि छायाताई डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाच्या, सत्यजितच्या, फ्लॅटवर राहत होत्या. त्यांनी फोन केला, "जायच्या आधी एकदा तुझ्या हातच्या दूर्वा आण बाई. पट्टी जळली म्हणालीस ते खरं, पण कुंडीत लावता येतात ना?"

कुमुदनं त्या आपल्या बाल्कनीत, पिण्याच्या पाण्यावर वाढवल्या. हरितालिकेच्या दिवशी दुपारी घेऊन गेली.

छायाताईंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दोघी जुड्या बांधायला बसल्या. नात पर्णिका, नऊ वर्षांची, कानात हेडफोन घालून सोफ्यावर पडली होती.

"हिचाही घोळणा फुटतो गं," छायाताई म्हणाल्या. "आजोबांवर गेली आहे. पर्णिका, इकडे ये. रस काढून देते तुला दूर्वांचा."

पर्णिकानं एक हेडफोन काढला. "आजी, इट्स ग्रास."

"गवत तर गवत. तुझे आजोबा प्यायले आठ दिवस."

"द्या हो, काही होणार नाही," कुमुद घाईघाईनं बोलून गेली. "हे पाणी चांगलं आहे."

छायाताईंचा दोरा बोटाभोवती थांबला. "हे पाणी म्हणजे?"

कुमुदनं हातातली जुडी खाली ठेवली.

"कुमुद. मागचं चांगलं नव्हतं?"

मग तिनं सांगितलं. लियाकत, टँकर, तीन पाणी, हळद, आठ मुठी. खाली मान घालून, समोरच्या दूर्वांना सांगितल्यासारखं. "त्यानंच काका आजारी पडले, असं मी म्हणू शकत नाही, छायाताई. नाही असंही म्हणू शकत नाही. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं."

छायाताईंनी बोटाभोवतीचा दोरा सोडवला. मग त्यांच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला. "हे असते तर म्हणाले असते, तरीच चव जरा भारदस्त होती." पण ते हसू तोंडावर राहिलं नाही. "आणि स्मिता?"

"हो. स्मिता."

"मी घालवलं तिला. एका नजरेनं घालवलं," छायाताई म्हणाल्या. "तुला माहीत आहे का, दर गणपतीला ती मला फोन करते? काका कसे आहेत विचारायची. ते गेल्याचं कळवलं, तेव्हा म्हणाली, ताई, माझ्यामुळे नाही ना? मी म्हटलं, नाही गं वेडे, हृदयानं गेले. मनात मात्र मला तिचे हातच दिसले, अजूनही दिसतात."

त्यांनी फोन उचलला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन दूर्वांच्या मधोमध ठेवला. "माझं मी तिच्याशी नंतर बोलेन. आधी तू बोल."

पलीकडे भांड्यांचे आवाज होते. "ताई? यंदा तुमचाच फोन आधी आला."

"स्मिता, मी कुमुदकाकू."

"अगंबाई, काकू. बागा कशा आहेत तुमच्या?"

कुमुदनं सांगायला सुरुवात केली. "त्या वर्षीच्या दूर्वा मी ज्या पाण्यावर वाढवल्या होत्या ना, ते झाडांना घालतात ते पाणी होतं."

"झाडांना घालतात ते म्हणजे?"

"म्हणजे, शुद्ध केलेलं."

"कसलं शुद्ध केलेलं, काकू?"

"गटाराचं," कुमुद म्हणाली.

भांड्यांचे आवाज थांबले. स्मितानं तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग विचारलं, "पिकअपमध्ये मी नखांचं बोलले, तेव्हा तुम्ही हो म्हणालात. तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"सात वर्षं आमच्या घरचा नैवेद्य वहिनी करते. मी खवणीलासुद्धा हात लावत नाही. मला कुणी मनाई केलेली नाही, मीच लावत नाही. आत्ता ती उद्यासाठी नारळ खवते आहे आणि मी भांडी घासते आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "काकू, तुम्ही हे फार उशिरा सांगितलंत."

"हो, स्मिता. मी..."

"ते राहू दे. थांबा, वहिनीला देते. मला सांगितलंत तसंच तिला सांगा."

वहिनी आली. कुमुदनं सगळं पुन्हा सांगितलं, पण पाण्याशी आल्यावर तिची जीभ वळेना आणि ती म्हणाली, "टँकरचं पाणी." मागून स्मिता म्हणाली, "गटाराचं म्हणा, काकू." कुमुद म्हणाली, "गटाराचं." वहिनीनंतर भाऊ आला. त्याला ऐकताना मध्येमध्ये फक्त "बरं" म्हणता येत होतं. तिसऱ्या वेळी सांगून झाल्यावर कुमुदच्या घशाला कोरड पडली. छायाताईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. स्वतः मात्र त्या खाली बघून एकवीस-एकवीस मोजत राहिल्या.

"आता आई," स्मिता म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोला."

कुमुद फोन घेऊन उभी राहिली. खिडकीशी रेंज बरी होती, म्हणून तिथे गेली. खाली लॉनवर बायका लेकरांना घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींच्या घरी तिच्या दूर्वा जायच्या. पर्णिकानं दोन्ही हेडफोन काढले होते.

तिनं मोठ्यानं सांगितलं. टँकर, दूर्वा, रस, हॉस्पिटल, सगळं. "गटाराचं पाणी होतं, आई. मला माहीत होतं. तुमच्या स्मिताच्या हातांचं त्यात काही नव्हतं."

खालच्या बायकांनी वर पाहिलं.

मग म्हातारीनं विचारलं, "पण बाई, तुम्ही कोण?"

"मी कुमुद रेगे," तिनं सांगितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.