काठोकाठ चहा

बुरुलला जावेचा हेवा वाटायचा, आणि तो कशाबद्दल? तर आपली पोर जावेला उलटं बोलते याबद्दल.

सहा वर्षांची आयसुलुव या जावेच्या, कलिपाकाकूच्या घरी नुसती राज्य करायची. जामची वाटी उपडी करायची, पाय आपटायची, काकूच्या पाठीवर बसून तिला घोडा करायची. शनिवारी आई भेटायला आली की मात्र हीच पोर मांडी घालून गप्प बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. बुरुलला आधी याचा अभिमान वाटायचा; हेवा नंतर आला.

"माझ्यासमोर बघा कशी सरळ वागते," तिनं डॉक्टर दामिरांना एकदा ऐकवलंही होतं.

"हात मोडलेलं पोर सरळच वागतं गं," दामिरा म्हणाल्या होत्या.

तो हात बुरुलनंच मोडला होता. दीड वर्षापूर्वी, सांडलेल्या दुधावरून, लाटण्यानं. नवरा रशियात कामाला. पोर जावेकडे गेली आणि बुरुलचे नारीन शहरातल्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. दर मंगळवारी दामिरांसमोर बसायचं, आपली आई आपल्याला कशी बडवायची ते आठवायचं, हात केव्हा शिवशिवतो ते वहीत लिहायचं. सुरुवातीला तिला हे सगळं थोतांड वाटलं. मग एका मंगळवारी ती तिथं तासभर रडली.

आज दामिरा स्वतः कलिपाच्या घरी आल्या होत्या. भेट नीट पार पडली तर पोर घरी न्यायला हरकत नाही, असा कागद त्या देणार होत्या.

चहा आयसुलुव ओतत होती. घरातल्या लेकीचंच ते काम. दामिरांना तिनं दोन घोटांपुरता दिला, रीतीप्रमाणे. कलिपाला देताना तो सांडला, तशी ती खिदळली. कलिपानं तिच्या टाळूचा मुका घेतला. बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई माझ्या पोरीचे केस विंचरते, शेंबूड पुसते, आणि वर गावभर चांगली म्हणवून घेते!

मग आयसुलुवनं आईचा पियाला घेतला आणि काठोकाठ भरला.

पाहुण्याला भरलेला पियाला देतात तो एकाच अर्थानं: उठा आता.

"अगं बये, काय केलंस हे!" कलिपा ओरडली. "कमी कर तो आधी!"

"नाही करणार." पोरीची हनुवटी थरथरत होती, पण नजर आईवरून हलत नव्हती.

बुरुलचा उजवा हात शिवशिवला. जावेनंच शिकवलं असणार पोरीला, असंही मनात आलं. तिनं हात मांडीखाली दाबला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की पोर आज पहिल्यांदा आईच्या तोंडावर नाही म्हणाली होती. ज्या सुखासाठी ती जावेवर जळत होती, ते तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं.

"राहू द्या, जाऊबाई. मलाच दिलाय तो."

पाहुण्यानं डाव्या हातानं पिऊ नये, पण उजवा बाहेर काढायची तिला भीती वाटत होती. तिनं डाव्यानंच सगळा पियाला संपवला.

दामिरा खूष झाल्या. "तिला तुझ्यासमोर धीर आला, बुरुल. लिहिते मी कागद."

आयसुलुव कलिपाच्या कुशीत शिरली होती. आपण गप्प बसलो तर पोर उद्या आपल्या घरात आणि जावेची कूस रिकामी. हा विचार बुरुलला गोड वाटला, लाज वाटावी इतका गोड.

"नका लिहू, ताई," ती म्हणाली. "हात आजही उठत होता. दाबून बसले होते मी. आणि इथं तुम्ही दोघी होतात."

दामिरांनी कागद मिटला. कलिपाचा चेहरा उजळला, आणि त्या क्षणी बुरुलला तिचा गळा दाबावासा वाटला.

"सांभाळा तिला," ती उठत म्हणाली. "आणि माझ्यादेखत इतके मुके घेऊ नका. जळफळाट होतो माझा."

दारात तिनं मागं वळून विचारलं, "शनिवारी येऊ का गं?"

पोरीनं काकूचा हात घट्ट धरला.

"ये. पण मधे काकू बसेल."

"बसू दे," बुरुल म्हणाली.