बसून न येणारा सूर

मराठी संगीताचा इतिहास यापुढं दोन भागांत लिहावा लागेल : संयोगिताच्या अल्बमाआधीचा आणि नंतरचा. वर्तमानपत्रात असताना हे वाक्य मी एकोणीस अल्बमांबद्दल लिहिलं होतं. त्यांतले सतरा ऐकलेही नव्हते. हा विसावा मात्र समोर घडताना पाहिला, म्हणून वाक्य पुन्हा बाहेर काढलंय.

संयोगिता आमच्या पलूसची. पुण्यात जॅझ-पॉप गाते. अल्बममध्ये आठ गाणी, चार तिची स्वतःची आणि चार जुनी, नव्या घाटाची. सात झाली होती. आठवं होतं पाठवणीचं गाणं. तिचा आजा नाथाजी हेच गाणं तीस वर्षं वरातीच्या बँडात सॅक्सोफोनवर वाजवत होता. या भागातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्यानं रडवल्यात. त्याआधी तो पलटणीच्या बँडात होता. तिथं रडायची परवानगी नव्हती. आता वय सत्याहत्तर. फुप्फुसं दमलीत, सॅक्सोफोन सोडा म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. नाथाजीनं त्याच्याकडून शेवटचा एक दिवस मागून घेतला, नातीच्या गाण्यासाठी. तो दिवस म्हणजे हा रविवार. ठिकाण सांगलीतला स्टुडिओ. मी सोबत गेलो, कारण नाथाजी माझा शाळेतला मित्र आणि मला काही काम नसतं.

"जॅझ म्हंजे काय गं?" गाडीत त्यानं विचारलं.

"सूर ठरलेला असतो आबा, वाट ठरलेली नसते."

"म्हंजे वरातच की. नवरदेवाचा मामा कुठं नाचाय लागंल, काय सांगता येतंय?"

स्टुडिओत विश्वजित नावाच्या रेकॉर्डिंगवाल्यानं नाथाजीला खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावले. नाथाजीनं फुंकलं. बऱ्याच दिवसांनी पाणी आलेल्या नळासारखा आवाज निघाला. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदा नळही बंद. काचेपलीकडं संयोगिता हसत होती, दवाखान्यात भेटायला गेल्यावर हसतात तशी.

"बसून जमत न्हाई," नाथाजी म्हणाला. "बसून मी फकस्त जेवतो."

"मग उभं राहून वाजवा, आजोबा," विश्वजित म्हणाला.

"उभं राहून बी न्हाई. पलटणीत चालत वाजवलं, वरातीत चालत वाजवलं. थांबून कवा वाजवलंच न्हाई."

"शाळेत थांबून मार खायचास की," मी म्हणालो.

"तवा हातात सॅक्स नव्हता, गड्या."

त्यानं खोलीत चालून पाहिलं. सहा पावलांवर भिंत. दम लागला आणि तो भिंतीला टेकला. वाद्य पेटीत ठेवायला वाकला, तेव्हा त्याच्याकडं बघवेना.

"ठेवू नका आबा," संयोगिता म्हणाली. "चला."

मागचं दार उघडलं. बाहेर हळदीच्या गोदामांचा लांबलचक बोळ, रविवारामुळं बंद. विश्वजित माईक धरून उलटा चालायला लागला. नाथाजीची चप्पल वाजते म्हणून त्यानं ती काढायला लावली. रेकॉर्डिंगच्या यंत्राची पिशवी माझ्या गळ्यात, म्हणजे वरातीत मी नेहमीसारखा मागं. संयोगितानं एका कानात साथीचं संगीत घेतलं आणि आज्याचा डावा पाय पडायची वाट बघितली.

डावा पाय पडला.

मी ते गाणं शंभर लग्नांत ऐकलंय, बहुतेक वेळा तोंडात जिलेबी असताना. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नाथाजी चार पावलं वाजवायचा, दोन पावलं नुसता श्वास घ्यायचा, आणि त्या दोन पावलांत पोरगी गायची. ठरलेलं काही नव्हतं. जिथं नवरी उंबऱ्यावर मागं वळते, तिथला उंच सूर नाथाजी हमखास ताणायचा. लोक तिथंच रुमाल काढायचे. त्या दिवशी त्यानं तो वाजवलाच नाही. जागा मोकळी सोडली आणि नातीकडं पाहिलं. तिनं तो सूर घेतला, पण रडवायला नाही. माहेर सोडणारी मुलगी जरा खूशही असते, हे त्या सुरात होतं, आणि साठ-सत्तर वर्षं आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोदामांच्या पत्र्यांवरून तो सूर परत आला तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आयुष्यभर खवचट लिहिणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

बोळ संपला, तरी नाथाजी जागच्या जागी पावलं टाकत शेवटचा सूर धरून होता. मग पावलं थांबली आणि सूरही थांबला. विश्वजितनं माईक खाली केला नाही; विसरला असावा. नाथाजीच्या तळपायांना हळद लागली होती. संयोगितानं त्याचा हात धरला. पुन्हा एकदा घेऊ, असं कुणी म्हणालं नाही.

माझ्या मागं कुणीतरी नाक ओढलं. वळून पाहिलं तर चार हमाल, डोक्यावरचे पटके हातात घेऊन उभे. बोळाच्या तोंडापासून ते आमच्या मागून चालत आले होते. वाजणाऱ्या बँडामागं माणूस चालायला लागतो, त्याला आमच्याकडं आमंत्रण लागत नाही. त्यांच्यातल्या थोरल्यानं डोळे पुसले आणि अदबीनं विचारलं,

"आवं, पंगत कुठल्या अंगाला हाय, तेवढं दावा की."