मानाची जागा

कुरामोची साहेबांचं नाक एकदा तरी सगळ्यांदेखत कापलं जावं, आणि ते माझ्याच हातून, एवढीच इच्छा धरून मी तीन वर्षं त्या कारखान्यात टिकलो.

पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी मुळात इसुरुगी साहेबांची. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पहिल्या चाचणीत चाक फिरवणारा दांडा मोडला, कारण कुरामोचींनी हलकं पोलाद घ्यायला लावलं होतं. खापर मात्र इसुरुगींवर फुटलं. त्यांना सुट्या भागांच्या गोदामात टाकलं आणि त्यांच्याच आराखड्यावर, चांगलं पोलाद वापरून, कुरामोचींनी गाडी पुन्हा उभी केली. 'माझी गाडी, माझी गाडी' म्हणत मिरवायचे. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

फेब्रुवारीत कंपनीचे अध्यक्ष गुन्मा प्रांतातल्या घाटात चाचणी बघायला आले. बर्फातला चढ चढली तर गाडी बाजारात, नाहीतर आपली मागच्या चाकांची जुनीच बरी, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. चालवायला मी होतो. सुटे भाग घेऊन इसुरुगीही आले होते आणि खाली व्हॅनमध्ये एकटेच बसले होते.

चालकाच्या मागची जागा मानाची, तिथे अध्यक्ष बसले. शेजारी कुरामोचींचं भलंमोठं धूड. माझ्या बाजूची जागा सगळ्यांत खालच्या माणसाची, ती रिकामी. म्हणजे ओढणारी चाकं पुढे आणि सगळं वजन मागे. गाडी अडकणार हे मला दिसत होतं. अध्यक्षांना 'पुढे बसा' म्हणायची तिथे कुणाची छाती नव्हती. माझी होती, पण मी तोंड उघडलं नाही. इसुरुगींची सगळी मेहनत मी पणाला लावत होतो आणि त्याची मला भीतीही वाटत होती. पण कुरामोचींना मी पुरता ओळखून होतो.

अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, पुढचा सगळा भाग त्या इसुरुगीचा," कुरामोची लगेच म्हणाले. "कल्पना त्याची, आराखडा त्याचा. मी आपला नावाला."

"सगळं त्याचं?"

"अगदी स्क्रूसकट."

मी हँडब्रेक ओढला. "कुरामोची साहेब खरं सांगतायत. इसुरुगींनाच बोलावू का?"

इसुरुगी बर्फ तुडवत वर आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि कमरेत वाकले. "माफ करा साहेब, आपल्याला पुढे बसावं लागेल."

"शुद्धीवर आहेस का?" कुरामोची ओरडले. "अध्यक्षांना पोरासोरांच्या जागेवर बसवतोस?"

"वजन पुढे हवंय. आणि तुम्ही खाली उतरा, कुरामोची."

'साहेब' गळलेलं सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्ष उतरून पुढे जाऊन बसले. मी उतरून इसुरुगींना जागा दिली. गाडी जराशी घसरली, मग चाकांनी बर्फ धरला आणि ती सरळ चढून वळणापलीकडे गेली. मला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना.

कुरामोची ऑफिसच्या बुटांत बर्फात उभे होते.

"मिनोवा, तुला हे आधीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर गाडी तुमचीच राहिली असती."